वरचीला काय हवंय

४ मार्च, सोमवार

हेडमास्तरांनी आज फळ्यावर पुन्हा तेच लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. वरचीला काय हवंय? मी म्हटलं, रक्त हवंय, दुसरं काय. व्हॅम्पायर आहे ती, तिला चहा-बिस्किटं थोडीच हवी असणार. बाकीचे हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, रक्त ढेकणालाही हवं असतं, पण ढेकणाची मालिका कोणी ऐकत नाही.

हेडमास्तर म्हणजे आमचे कथाप्रमुख. पूर्वी खरंच शाळेत होते, शाळा सुटली तरी खडू सुटला नाही. आम्ही फोनवर ऐकायच्या मालिका करतो. लोक भांडी घासताना, इस्त्री करताना ऐकतात. माझी मालिका एका जुन्या इमारतीची. वरच्या मजल्यावर एक बाई भाड्याने राहायला येते, दिवसा बाहेर पडत नाही, आणि कोणी स्वतःहून 'या ना आत' म्हटल्याशिवाय कुणाचा उंबरा ओलांडत नाही. एकदा आली की त्या घरातली माणसं सुकत जातात. तिला नाव दिलेलं नाही, सगळे तिला 'वरची' म्हणतात. पहिले काही भाग बरे चालले, मग ऐकणारे गळायला लागले. हेडमास्तरांच्या मते माझी वरची नुसते दात दाखवते. या महिन्यात मालिका संपवायची आहे, आणि ती पडली तर माझंही इथलं काम संपलं, हे त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं.

घरी येते तर धाकटीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. माझी धाकटी बहीण थंडीपासून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आहे. महिनाअखेरीला तिला सोडणार. तुम्ही घरी नेणार की लांबच्या निवासात पाठवायचं, ते कळवा म्हणाल्या. ते निवास म्हणजे आगगाडीने निघालं की अर्धा दिवस प्रवासातच जातो. मी म्हटलं, सांगते.

काय सांगणार, कपाळ? गेल्या खेपेला ती आमच्याकडे राहिली तेव्हा नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात सारखे फोन, ताई अजून आली नाही, ताई कुठे आहे. मी कामावर निघाले की दाराशी आडवी. आज मी जगातली सगळ्यात चांगली बहीण, उद्या तिच्या जिवावर उठलेली. शेवटी न्हाणीघराचं दार तोडून तिला बाहेर काढावं लागलं. दार नवऱ्याने तोडलं. तेव्हापासून तो तिच्याबद्दल वाईट बोलत नाही, पण बोलतच नाही. आणि आई गेल्यापासून तिला माझ्याशिवाय कुणी नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी काय करू?


७ मार्च, गुरुवार

गुरुवार भेटीचा. मी दर गुरुवारी जाते असं नाही, खरं म्हणजे गेले तीन-चार चुकले, काम होतं. आज गेले.

विभागामागच्या अंगणात बाकावर बसलो. धाकटी पूर्वी मुलांना पोहायला शिकवायची, अजून ताठ बसते. बोलायला काही सुचेना म्हणून मी सहज विचारलं, मी निघाले की तुला नेमकं होतं तरी काय गं? हे मी तिला कधीच विचारलं नव्हतं. 'असं करू नकोस' एवढंच म्हणत आले. ती माझ्याकडे बघत राहिली, थट्टा करतेय की काय असं. मग बोलली.

"भूक नसते ताई. भूक परवडली. समोरचं माणूस नुसतं चपला शोधायला लागलं ना, की तलावाचं पाणी सोडतात तसं आतून सगळं खाली जायला लागतं. मग मी काहीही धरते. हात म्हणू नकोस, केस म्हणू नकोस."

मी बाकावर सरसावून बसले. म्हटलं, अगं बाई, हीच की वरची. मग मी खोदून विचारत गेले आणि ती सांगत गेली. घंटा झाली तरी आम्ही बसलेल्या. बसमध्ये ते वाक्य फोनवर टिपलं आणि घर येईपर्यंत अख्खा भाग झाला. कित्येक दिवसांत असं झालं नव्हतं.

एरवी तिला भेटून आलं की माझं अंग गळून जातं. दोन तासांत दहा वर्षांनी म्हातारी होऊन येते मी. माणसाला पिऊन टाकते ती. आज तेवढं जाणवलं नाही, देवाची कृपा.


९ मार्च, शनिवार

नवीनच विघ्न. वरचीला आवाज देणारी आमची घोगरी (सगळे तिला असंच म्हणतात, तीही) आज गळ्याला मफलर गुंडाळून आली. स्वरयंत्रावर गाठ आहे. शस्त्रक्रिया पुढच्याच आठवड्यात, आणि नंतर कित्येक महिने चकार शब्द काढायचा नाही. म्हणजे तिचे सगळे प्रसंग बुधवारपर्यंत ध्वनिमुद्रित व्हायला हवेत. शेवटच्या भागातले आधी, कारण त्यात तिला ओरडायचं आहे आणि गळा दिवसेंदिवस बसत चाललाय.

मधलं लिहिलंच नाही आणि शेवट लिहायचा. आमच्या धंद्यात हे नेहमीचं, माणूस आधी मरतो आणि त्याची लग्नपत्रिका महिन्याने छापतो. एका बैठकीत लिहून टाकलं. इमारतीतले सगळे जमतात, वरचीच्या खोलीचे पडदे ओढून काढतात, ऊन आत येतं आणि ती जळते. हेडमास्तर म्हणाले, ठीक. लोकांना हेच हवंय.


१३ मार्च, बुधवार

वरची मेली. घोगरीने सगळा जीव ओतला. कात्रीने (आमचा ध्वनी जोडणारा, केस कापतो तसे आवाज कापतो) कानावरची यंत्रं काढून ठेवली आणि नुसता बसून राहिला. घोगरी पाणी प्यायली, मला मिठी मारली आणि गेली. आता तिला बोलायची बंदी.

धाकटीच्या वाक्याचा भाग सोमवारी गेला होता. ऐकणारे एकदम वाढले. लोक ते पाण्याचं वाक्य एकमेकांना पाठवतायत. हेडमास्तरांनी फळा पुसला आणि मला विचारलं, कुठून आणलंस? मी म्हटलं, विचार केला.

आणि केलाच आहे विचार. डॉक्टरीणबाईंनी मागे सांगितलं होतं, हा व्यक्तिमत्त्वाचाच आजार आहे, तापासारखा अंगात शिरत नाही आणि तापासारखा उतरतही नाही. मला तेव्हा कळलं नव्हतं. आता वाटतं, व्हॅम्पायरच्या गोष्टी ज्या कुणी पहिल्यांदा रचल्या त्यांच्या घरात असं एक माणूस असणार. बोलावल्याशिवाय आत येत नाही, आणि आपणच बोलावलेलं असतं म्हणून हाकलता येत नाही. उजेडात, म्हणजे चार साध्या माणसांत, जळतं. वय वाढत नाही, धाकटी अजून सात वर्षांच्या मुलीसारखी रुसते. आणि आरसा! परवा तिला फोनवर विचारलं तर म्हणाली, "दिसते की मी आरशात. पण ती कोण आहे ते दुसऱ्याने सांगेपर्यंत कळत नाही." हे पुढच्या भागात आहे.

असली माणसं दुष्ट नसतात, एवढंच मला लोकांना सांगायचंय. त्यांना थांबता येत नाही. आपण दुसऱ्याचं काय घेतोय हे त्यांना दिसतच नाही. दिसलं तरी त्याला ती प्रेमच म्हणतात.


१४ मार्च, गुरुवार

आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

धाकटी मालिका ऐकते, हे मला माहीत नव्हतं. दुपारच्या जेवणानंतर नर्सबाई विभागातल्या दालनात फोन लावून ठेवतात आणि सगळ्या बायका ऐकतात. मी गेल्यागेल्या म्हणाली, "माझं वाक्य घेतलंस." मी गार. म्हटलं, रागावलीस? ती हसली. म्हणाली, "नाही गं. बायका रडल्या. माझ्या बोलण्याने पहिल्यांदाच कुणीतरी रडलं आणि मला शिव्या दिल्या नाहीत."

मग स्वतःच म्हणाली, आज काय हवंय तुला? मी सांगितलं, वरची जिच्यावर माया करते तिलाच पहिल्यांदा का चावते, ते हवंय. तिने डोळे मिटले. अंगावर शहारे येत होते तिच्या. "ती जाणारच असते," म्हणाली, "मग निदान कधी जायचं ते मी ठरवते." मागाहून ती पिठासारखी पांढरी पडली होती. नर्सबाई मला दाराशी गाठून म्हणाल्या, मागच्या वेळी तुम्ही गेल्यावर ही दोन दिवस उठली नाही, जेवली नाही. मी म्हटलं, तिचं ते नेहमीचंच आहे, कुणी गेलं की नाटक सुरू.

तर धोंडा असा. निघताना तिने माझा पदर धरला आणि हळूच म्हणाली, "ताई, तिला मारू नकोस."

मी म्हटलं, नाही मारत.

काल मारून आले मी तिला. पण तिच्या त्या तोंडाकडे बघून दुसरं काय म्हणणार होते? शेवट ऐकून हिने काही करून घेतलं तर? न्हाणीघराचं दार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बदलावा लागेल शेवट. कसा बदलू, जिचा आवाज हवाय तिचा गळाच बंद केलाय.


१६ मार्च, शनिवार

नवरा सकाळी चहा पिताना म्हणाला, आण तिला.

मला कळेना. तो म्हणाला, "तुझी मालिका ऐकली दुकानात. मला वाटायचं ती मला छळायला फोन करायची. मला ते पाण्याचं माहीत नव्हतं. आण तिला घरी. मागची खोली रिकामी करतो मी."

मी त्याच्या गळ्यात पडून रडले. जन्मात कधी वाटलं नव्हतं की हा माणूस असं म्हणेल. दुपारी दुकान बंद ठेवून त्याने मागच्या खोलीतली खोकी काढलीसुद्धा. भिंतीला रंग लावायचा म्हणतो, कुठला आवडतो तिला? मला आठवेना. निळा म्हटलं, पोहायची म्हणून.

कधी एकदा धाकटीला सांगते असं झालंय. फोन उचललाही. पण मग म्हटलं, थांबावं. ही बातमी ऐकली की ती हवेत जाईल, मग तिला धड दोन वाक्यं जोडून बोलता येणार नाही. आनंदात ती फार सामान्य बोलते. अजून दोन भाग लिहायचेत, तेही घोगरीच्या आवाजाशिवाय, आणि वरचीच्या मनात शेवटी काय चालतं तेच मला सापडलेलं नाही. गुरुवार होऊ दे. एवढा एक गुरुवार.


१९ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंचा पुन्हा फोन, तोही आम्ही बैठकीत असताना. बाहेर जिन्यात जाऊन घेतला. म्हणाल्या, "हो सांगा, नाही सांगा, काहीही चालेल, आम्ही ते हाताळू. पण तिला अधांतरी ठेवू नका. या आजारात तेवढं एकच करायचं नसतं." मी म्हटलं, दोन-चार दिवस द्या. त्या म्हणाल्या, ती रोज विचारते, ताईचा काही निरोप?

या लोकांना वाटतं आपण रिकामटेकडे बसलोय. एकटी मी कुठे कुठे पुरी पडू? आत हेडमास्तर, बाहेर डॉक्टरीणबाई, घरी रंगाचे डबे. हेडमास्तरांना शेवट बदलायचं विचारलं तर म्हणाले, ध्वनिमुद्रित झालेलं बदलायचं नसतं. मी त्यांच्या पाया पडायची बाकी राहिले. मग कोण जाणे कुठून माझ्या तोंडून निघालं, वरची जिवंत राहिली तर दुसरं पर्व काढता येईल. त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, आवाजाचं काय ते तू आणि कात्री बघा.

वाचली धाकटी. माझ्या डोक्यावरून डोंगर उतरला.


२१ मार्च, गुरुवार

आज धाकटी काही ठीक नव्हती. नखं कुरतडून बोटं लाल. मी बसते न बसते तोच तिने विचारलं, मला कुठे पाठवणार आहेत ताई? ओठावर आलेलं गिळलं मी. कसं गिळलं ते माझं मला माहीत. म्हटलं, बघतेय, प्रयत्न करतेय. ती म्हणाली, तू नको म्हणालीस तरी मी समजेन. मी म्हटलं, तसं काही नाही गं, पण सांग ना, आत्ता, या क्षणाला नेमकं काय वाटतंय?

तिने सांगितलं. मी इथे ते लिहीत नाही, शेवटच्या भागात आहे. मला एवढंच वाटलं की आता मला वरची कळली. या जन्मात पुन्हा कुणी मला विचारू नये की तिला काय हवंय.

निघाले तेव्हा तिने धरलं नाही, बाकावरून उठलीही नाही. सुधारतेय बहुतेक. बसमध्ये मी हुंदके देऊन रडले, शेजारच्या बाईने रुमाल दिला. आणि मांडीवर फोन ठेवून लिहीत होते, बोटं थांबत नव्हती. असं भरून आल्यासारखं मला वर्षानुवर्षं झालं नव्हतं.


२५ मार्च, सोमवार

दोन दिवस कात्रीच्या खोलीत. घोगरीचे आधीच्या सगळ्या भागांतले तुकडे काढले, चुकलेले, टाकलेले, खोकलेले. कात्री एकेक श्वास कापतो आणि जोडतो. मधला माणूस गप्प राहिला तरी चालतं, हे कळल्यावर सोपं झालं. आता शेवट असा: पडदे ओढायला सगळे येतात, पण ज्या बाईने तिला पहिल्यांदा घरात बोलावलं ती आडवी उभी राहते. वरची वाचते. बोलते अगदी थोडं, जुन्याच वाक्यांच्या तुकड्यांनी. धाकटीचं गुरुवारचं बोलणं मात्र त्या बाईच्या तोंडी घालावं लागलं, घोगरीचा आवाज नव्हता ना. उलट जास्त चांगलं झालं. कात्री म्हणाला, बाई, हे लिहिताना तुम्हाला काही होत नाही का? मी म्हटलं, जीव जातो रे बाबा.

नवऱ्याने खोली रंगवून पुरी केली. खिडकीला पडदा लावायचा की नको, हे विचारायला मला चारदा फोन केला.


२८ मार्च, गुरुवार

लिहून टाकते एकदाचं.

शेवटचा भाग काल गेला. आज सकाळी मी मिठाई घेऊन गेले. धाकटी अंगणात होती, केस विंचरलेले, शांत. म्हटलं, ऐकलंस? मारलं नाही ना मी तिला? शब्द पाळला. ती हो म्हणाली. मग मी तिचे दोन्ही हात धरून सांगितलं की तू घरी येतेयस, मागची खोली तुझी, तुझ्या भावजींनी स्वतः निळा रंग लावलाय, पलंग खिडकीशी आहे.

मला वाटलं होतं ती किंचाळेल, नाचेल. तिने विचारलं, "कधी ठरलं हे?"

मी म्हटलं, झाले की दहा-बारा दिवस.

"म्हणजे मागच्या गुरुवारी तुला माहीत होतं."

मी म्हटलं, अगं होतं, पण शेवटचे भाग राहिले होते, आणि तुला एकदम सांगितलं असतं तर तू... ती माझ्याकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"मी काल सही केली," म्हणाली. "लांबच्या निवासाची. शनिवारी नेतायत."

मी ओरडले. रद्द कर म्हटलं, मी डॉक्टरीणबाईंशी बोलते म्हटलं. तिने माझा हात हळूच बाजूला केला. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझा हात सोडला.

"ताई, मी म्हणाले होते ना, तिला मारू नकोस. मला वाटायचं, ती मेली की तू यायची थांबशील. आता वाटतं, मारायला हवं होतंस. निदान मला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"तू कुणाला भेटायला येतेस ते."

मी काय काय बोलले ते आठवत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तिकडे ये तू, नको म्हणत नाही. पण मी बोलणार नाही. एक शब्द नाही. नुसत्या बसू आपण.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, या आजारात माणसं सगळ्यात जवळच्यावर उलटतात. म्हणून मी मनाला लावून घेत नाही. घेत नाही म्हणते आणि सकाळपासून घशाखाली पाणी उतरलेलं नाही.


३० मार्च, शनिवार

नवऱ्याने तिची पिशवी गाडीपर्यंत उचलून नेली. त्यांचं दोघांचं काहीतरी बोलणंही झालं, मी पोचेपर्यंत संपलं होतं. ती त्याला 'येते भावजी' म्हणाली. मला मिठी मारली, घट्ट नाही.

घरी आल्यावर तो मागच्या खोलीत जाऊन नुसता पलंगावर बसला. मी दाराशी उभी. मान वर न करता त्याने विचारलं, तू तिला आधीच का नाही सांगितलंस? मी त्याच्यावर असं तोंडसुख घेतलं की शेजारच्यांनी खिडकी लावली. दिवसरात्र राबले कुणासाठी? तिच्यासाठीच ना? ती मरू नये म्हणून त्या मेलेलीला जिवंत केलं मी. तो म्हणाला, हो, खरंय. आणि मग रंगाचा ब्रश धुवायला गेला, तो आधीच धुतलेला होता.

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगणार?


९ एप्रिल, मंगळवार

दुसरं पर्व मंजूर झालं. हेडमास्तरांनी पेढे वाटावेत तसा आनंद वाटला. आणि लगेच फळ्यावर: वरचीला आता काय हवंय?

मी तीन तास कागदापुढे बसले. एक ओळ नाही. डोकं नुसतं खडखडीत. लिहिते ते सगळं लाकडी, पुन्हा तीच दात दाखवणारी बाई. निवासात फोन लावला, तिला बोलवा म्हटलं. तिथल्या बाई म्हणाल्या, ती नको म्हणते, पण ठीक आहे, जेवते, झोपते, परवा कुणाला तरी हात धरून पोहण्याचे हात शिकवत होती, पाण्याशिवाय. मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलते का? त्या म्हणाल्या, नाही.

मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं ठेवून बसले. ती तिकडे जेवते, झोपते. माझा मात्र घास जात नाही, झोप नाही, आरशात बघवत नाही. माणसाने किती द्यायचं एखाद्याला? अंगात थेंब ठेवला नाही पोरीने.


२१ एप्रिल, रविवार

भेटून आले. परतीच्या गाडीत लिहायला घेतलं होतं, आता मागच्या खोलीत बसून पुरं करतेय. खोली रिकामीच आहे म्हणून टेबल इकडे हलवलं, उजेड चांगला येतो.

तिने शब्द पाळला. जेवणाच्या दालनात खिडकीशी बसलो आम्ही. मीच बोलत होते. माफी मागितली, रडले, रागावले, घरी चल म्हटलं, आईच्या आठवणी काढल्या, शेवटी नवऱ्याच्या दुकानातल्या गमती सांगितल्या. ती बघत होती. नजर काढून घेतली नाही आणि तोंड उघडलं नाही. वजन जरा वाढलंय तिचं, गालावर रंग आलाय. पेल्याखालच्या पाण्याचं गोल वर्तुळ ती डाव्या हाताच्या बोटाने ओढून लांब करत होती, सावकाश, टेबलाच्या कडेपर्यंत. मला इतकं असह्य झालं की वाटलं तिला गदागदा हलवावं. म्हटलं, एक शब्द बोल गं, शिवी दे हवी तर. तिने पाणी कडेवरून खाली पडू दिलं.

गाडीत आधी मी खूप रडले. आणि रडतारडताच एकदम सुचलं. दुसऱ्या पर्वात वरची बोलतच नाही. खिडकीशी बसते. इमारतीतलं एकेक माणूस तिच्यापुढे येऊन बसतं, तिने काहीतरी म्हणावं म्हणून बोलत सुटतं, बोलून बोलून रितं होतं, आणि ती पाण्याचं वर्तुळ ओढत राहते. घोगरीला बोलायची बंदी आहेच. हेडमास्तर नाचतील. स्टेशन येईपर्यंत पहिला भाग झाला, एका दमात, हातून नुसता वाहत आला. आज कित्येक दिवसांनी पोटभर जेवले मी.

आणि महत्त्वाचं म्हणजे यात धाकटीचा एक शब्दही नाही. तिने दिलाच नाही, मग घेणार कुठून? हे सगळं माझं आहे. तिला कुणीतरी हे सांगायला हवं, तिचा गैरसमज दूर होईल.

नवरा दोनदा दाराशी येऊन गेला, कशी आहे ती, विचारत. मी म्हटलं, थांब जरा, एवढं होऊ दे.

पुढच्या रविवारी लवकरची गाडी धरायला हवी. दुसरा भाग मंगळवारी द्यायचाय, आणि तिचा उजवा हात सगळा वेळ टेबलाखाली होता, तो काय करत होता ते मी नीट बघितलंच नाही.